ट्रम्पेट वाजवणाऱ्याचं नाव

1936 साली मुंबईत ‘रेक्स’ छापाची एक तबकडी निघाली. गाण्याचं नाव ‘ताज महाल’, ठेका फॉक्सट्रॉटचा, रचना मेना सायलस यांची, गायक क्रेटन थॉम्पसन आणि वाद्यवृंद ‘क्रिकेट स्मिथ अँड हिज सिम्फोनियन्स’. हा वृंद अपोलो बंदरावरच्या ताजमहाल हॉटेलच्या नाचघरात वाजवत असे. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं संगीत. पण मुंबईत जॅझ वाजत होता, तो कसा वाजत होता आणि कोण वाजवत होतं, याचा कानांनी तपासता येईल असा जुना पुरावा म्हणून या तबकडीकडे बोट दाखवता येतं.

हा विल्यम ‘क्रिकेट’ स्मिथ कुणी होतकरू पोरगा नव्हता. न्यूयॉर्कमध्ये जेम्स रीस युरोप यांच्या सोसायटी ऑर्केस्ट्रानं 1913-14 मध्ये व्हिक्टर कंपनीसाठी ज्या तबकड्या केल्या, त्यांच्या सूचींत कॉर्नेटवादक म्हणून त्याचं नाव येतं. जॅझची पहिली तबकडी म्हणून जी मानतात, ती ‘ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड’ची, 26 फेब्रुवारी 1917 ची. म्हणजे जॅझ हा शब्द तबकडीवर छापला जाण्याच्या आधीपासून जो माणूस ध्वनिमुद्रणं करत होता, तो वीस-बावीस वर्षांनी मुंबईत आला, इथल्या दमट हवेत उभा राहिला आणि पुन्हा एकदा त्यानं मेणाच्या तबकडीसमोर ट्रम्पेट फुंकलं. एका माणसाच्या श्वासात एवढा इतिहास सामावलेला क्वचित सापडतो.

स्मिथ मुंबईत आला तो लिऑन ॲबी या व्हायोलिनवादकाबरोबर. ॲबीनं 1935 मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा वृंद ताजमध्ये आणला. पुढे सूत्रं स्मिथकडे आणि त्याच्यानंतर पियानोवादक टेडी वेदरफोर्डकडे गेली. वेदरफोर्डची कथा तर अधिकच विलक्षण. शिकागोत अर्स्किन टेटच्या वृंदात 1926 मध्ये त्यानं लुई आर्मस्ट्राँगच्या बरोबरीनं ध्वनिमुद्रण केलं आणि त्याच वर्षी आशियाची वाट धरली. शांघाय, मुंबई, शेवटी कलकत्ता. तिथे ग्रँड हॉटेलात तो वाजवत असे, कोलंबियासाठी तबकड्या करत असे, आणि 1945 च्या एप्रिलमध्ये तिथेच पटकीनं गेला. वय जेमतेम 41. अमेरिकेतल्या जॅझच्या इतिहासात त्याला मिळते ती बहुधा तळटीप, कारण त्याची ऐन उमेदीची वर्षं हिंदुस्थानात आणि चीनमध्ये गेली आणि त्यातल्या बहुतेक रात्रींचं ध्वनिमुद्रण कुणी केलं नाही.

ध्वनिमुद्रण नसणं म्हणजे काय, हे मराठी रसिकाला वेगळं सांगायला नको. भास्करबुवा बखले 1922 मध्ये गेले आणि त्यांच्या गाण्याची एकही तबकडी मागे राहिली नाही. शिष्यांनी सांगितलं, पुस्तकांत वाचलं, त्यावरच भागवायचं. जॅझवाल्यांचे भास्करबुवा म्हणजे बडी बोल्डन. न्यू ऑर्लिन्समधला हा कॉर्नेटवादक 1907 मध्ये मनोरुग्णालयात गेला आणि 1931 मध्ये तिथेच वारला. त्याचं एक मेणाचं नळकांडं कुठेतरी होतं, अशी वदंता शंभर वर्षं चालत आली आहे. ते आजवर सापडलेलं नाही. जुन्या तबकड्यांच्या मागे धावणाऱ्यांना झोपू न देणारी गोष्ट हीच: जे गेलं ते गेलं, पण जे कुठल्यातरी माळ्यावर पडून आहे त्याचं काय?

ताजच्या नाचघरात हे परदेशी वादक वाजवत असताना त्यांच्या शेजारी बसून, नाहीतर दाराआडून ऐकून, शिकणारी एक पिढी मुंबईत तयार होत होती. ती बहुतांशी गोव्याची. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चशाळांत पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. ही पोरं मोठी होऊन मुंबईत येत, धोबीतलावच्या आसपासच्या आपापल्या गावच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, खाट मिळवत आणि हॉटेलांतली, सिनेमागृहांतली, लष्करी बँडांतली कामं धरत. कागदावरचं संगीत त्यांना पाठच होतं. कागद बाजूला ठेवून वाजवायचं कसं, हे त्यांना शिकवलं स्मिथ आणि वेदरफोर्ड यांच्यासारख्यांनी, आणि समुद्रापलीकडून येणाऱ्या तबकड्यांनी. एक मिकी कोरिया, ज्यांचा वृंद 1939 पासून पुढे दोन दशकं ताजमध्ये वाजला. एक फ्रँक फर्नांड, ज्यांनी पुढे ‘आमचें नशीब’ आणि ‘निर्मोण’ हे कोकणी चित्रपट काढले. रुडी कॉटन हे नाव घेणारा सॅक्सोफोनवादक तर गोव्याचा नव्हताच. तो मुंबईचा पारशी, मूळ नाव खटाव.

आणि चिक चॉकलेट. आंतोनियो झेवियर वाझ, जन्म 1916, गाव बार्देशातलं हळदोणें. लुई आर्मस्ट्राँगवर त्याची भक्ती एवढी, की ट्रम्पेट धरण्याची ढब, रुमालानं घाम पुसणं, खर्जातला घोगरा आवाज, सगळं त्यानं उचललं होतं. हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग ही त्याची जाहिरातीतली ओळख. 1940 च्या दशकात त्याच्या ‘म्युझिक मेकर्स’नी कोलंबियासाठी तबकड्या केल्या. त्या आज ऐकल्या की एक गोष्ट चटकन लक्षात येते. नक्कल नुसत्या ढबीपुरती आहे. वाजवणं मात्र स्वतःचं आहे. वरच्या पट्टीत जाताना तो सूर ढकलत नाही, अलगद ठेवतो. दहा इंची तबकडीची तीन-सव्वातीन मिनिटं त्याला पुरतात. अब्दुल करीम खाँसाहेबांना जशी पुरत, तशीच.

मग 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. हॉटेलांच्या नाचघरांच्या अर्थकारणाचा कणा दारूच्या विक्रीत होता. तो मोडल्यावर वादकांचे वृंद लहान झाले, रात्री कमी झाल्या. परदेशी वादक युद्धाच्या आगेमागे निघून गेलेच होते. इंग्रज गेले, अँग्लो-इंडियन कुटुंबं बोटीनं जाऊ लागली, संस्थानिकांच्या मेजवान्या थांबल्या. गोव्याहून आलेल्या शेकडो वादकांना पोट भरायला एकच मोठी जागा उरली. हिंदी चित्रपटांचे स्टुडिओ.

इथे गोष्टीत एक मराठी माणूस येतो.

रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. मराठी रसिक त्यांना ‘अनारकली’च्या (1953) मधुर चालींसाठी आठवतो, 1963 च्या ‘ऐ मेरे वतन के लोगों’साठी आठवतो, ‘माझ्या जीवनाची सरगम’ या आत्मचरित्रासाठीही आठवतो. पण हिंदुस्थानातल्या जॅझच्या दृष्टीनं त्यांचं काम वेगळंच आहे आणि ते पुरेसं मोजलं गेलेलं नाही. नाचघरांतून बाहेर पडलेल्या वादकांना त्यांनी नुसतं कामावर घेतलं नाही, त्यांच्या हातातलं संगीतही घेतलं. 1947 च्या ‘शहनाई’त त्याची चुणूक आहे. 1950 च्या ‘समाधी’त आहे. आणि 1951 च्या ‘अलबेला’त तर उधाण आहे. ‘शोला जो भडके’मध्ये बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन असा मेळ त्यांनी जमवला. त्याआधी हिंदी गाण्यात असला रंग क्वचितच कुणी भरला होता. चिक चॉकलेट त्यांचा सहायक होता. ‘अलबेला’त तो आणि त्याचे साथीदार झालरीच्या लॅटिन ढंगाच्या कपड्यांत पडद्यावरही दिसतात. भगवानदादांची ती ठुमकत चालणारी पावलं सगळ्यांना पाठ आहेत. मागे ट्रम्पेट धरून उभा असलेला माणूस मुंबईतला सर्वांत नामांकित जॅझवादक होता, हे किती जणांना ठाऊक असतं?

ठाऊक नसण्यात प्रेक्षकाचा दोष नाही. तबकडीवर ते छापलेलंच नव्हतं.

त्या काळच्या चित्रपटगीताच्या तबकडीचा मधला कागद नीट पाहावा. वर कंपनीचं चिन्ह, खाली चित्रपटाचं नाव, गाण्याचे पहिले शब्द, गायकाचं नाव, संगीत दिग्दर्शक, बाजूला क्रमांक. वादकांना जागा नाही. गायकांचीही सुरुवातीला हीच गत होती. ‘महल’मधल्या (1949) ‘आयेगा आनेवाला’च्या पहिल्या तबकड्यांवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असं छापलं होतं. कामिनी हे पडद्यावरच्या पात्राचं नाव. गायलेल्या होत्या लता मंगेशकर. लोक रेडिओवाल्यांना विचारू लागले, तेव्हा खरं नाव पुढे आलं. लताबाईंचं नाव जिथे आपसूक छापलं जात नव्हतं, तिथे ट्रम्पेटवाल्याची काय कथा? आणि वादकांच्या वतीनं रेडिओकडे विचारणा करणारे श्रोतेही नव्हते.

याच काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री होते. तेही मराठी. शास्त्रीय संगीतावरच्या प्रेमापोटी त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार केली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. 1952 मध्ये ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानींच्या आवाजामागून चिक चॉकलेटचं ट्रम्पेट मुंबईपासून शेकडो मैलांवरच्या घरांत पोहोचू लागलं. केसकरांनी हाताशी असलेल्या किल्ल्या फिरवल्या, पण लघुलहरींना दार नसतं.

भोपाळचंच पाहा. 1 नोव्हेंबर 1956 ला नवा मध्य प्रदेश झाला आणि भोपाळ त्याची राजधानी झालं. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर, मध्य भारताची ग्वाल्हेर आणि इंदूर. तिथल्या कचेऱ्या हलल्या तशी मराठी कारकुनांची, शिक्षकांची, इंजिनिअरांची कुटुंबंही भोपाळला आली. त्याच सुमाराला हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना उभा राहत होता. याच भोपाळमधलं अशोका गार्डन आज रेल्वे स्टेशन आणि गोविंदपुऱ्याच्या मधला गजबजलेला रहिवासी भाग आहे. अशा वस्त्यांना ताजचं नाचघर कुठून दिसणार? चर्चगेटच्या हॉटेलांतल्या मध्यरात्रीच्या मैफली कुठून ऐकू येणार? तरी जॅझ तिथवर येत होता, आणि दोन वाटांनी येत होता. एक वाट हिंदी गाण्याची, वेश बदलून आलेली. दुसरी उघड, पण रात्री उशिराची. 1955 पासून व्हॉईस ऑफ अमेरिकावर विलिस कोनोव्हर जॅझचा कार्यक्रम सादर करू लागला. ड्यूक एलिंग्टनच्या वृंदाची ‘टेक द ए ट्रेन’ ही धून, मग कोनोव्हरचा संथ, शब्द सुटे करून बोलणारा आवाज. इंग्रजी जेमतेम कळणाऱ्यांनाही तो कळे, कारण त्यांच्यासाठीच तो तसं बोलत असे. वादकांची नावं, वाद्यं, ध्वनिमुद्रणाचं साल, सगळं तो सांगे. हिंदी गाण्यात जे नाव मिळत नव्हतं, ते परदेशी वादकाच्या बाबतीत मात्र दर रात्री मिळत होतं.

याच व्हॉईस ऑफ अमेरिकाचा या गोष्टीत आणखी एक हात आहे. 29 नोव्हेंबर 1957 ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये एका मदतनिधीच्या कार्यक्रमात थेलोनियस मंकची चौकडी वाजली. सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन. ही जोडी त्या वर्षी काही महिनेच एकत्र होती, आणि स्टुडिओत त्यांनी एकत्र केलेलं काम अगदी थोडं. व्हॉईस ऑफ अमेरिकानं तो कार्यक्रम ध्वनिमुद्रित केला आणि फिती लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जाऊन पडल्या. 2005 च्या सुरुवातीला तिथले लॅरी ॲपलबॉम जुन्या फितींचं डिजिटल रूपांतर करत होते. एका खोक्यावर हातानं लिहिलेलं दिसलं: ‘टी. मंक’. त्यांनी फीत लावली. त्याच वर्षी ब्लू नोटनं ती बाजारात आणली आणि जॅझच्या इतिहासातलं एक प्रकरण नव्यानं लिहावं लागलं. खोक्यावर ती अक्षरं कुणी लिहिली नसती, तर फीत आणखी किती वर्षं पडून राहिली असती, कोण जाणे.

कोल्ट्रेनचीच दुसरी कथा 2018 मधली. 6 मार्च 1963 ला त्याच्या चौकडीनं केलेलं संपूर्ण ध्वनिमुद्रण कंपनीकडे उरलं नव्हतं. ऐकण्यासाठी म्हणून एक प्रत कोल्ट्रेन घरी घेऊन गेला होता. ती त्याच्या पहिल्या पत्नीच्या, नाईमाच्या कुटुंबाकडे राहिली. पंचावन्न वर्षांनी तीच प्रत ‘बोथ डायरेक्शन्स ॲट वन्स’ या नावानं प्रकाशित झाली. कंपनीच्या गोदामानं जे टाकलं, ते घरच्या कपाटानं राखलं.

मुंबईच्या जॅझमध्येही अशा गोष्टी घडल्या, पण त्यांची कीर्ती लंडनमार्गे आली. अमान्सिओ डिसिल्वा हा गिटारवादक मुंबईत 1936 मध्ये गोव्याच्या कुटुंबात जन्मला. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींनी त्याला उत्तम गिटार मिळवून दिली. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात तो इंग्लंडला गेला आणि 1969 मध्ये त्याच्या दोन तबकड्या निघाल्या: ‘इंटिग्रेशन’ आणि जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट याच्यासह ‘हम दोनो’. ‘हम दोनो’मध्ये ‘बॅलड फॉर गोवा’ नावाची रचना आहे, ‘जयपूर’ आहे. हॅरियट 1973 च्या जानेवारीत गेला, तबकडी बाजारातून गायब झाली आणि अनेक दशकं संग्राहकांच्या बाजारात भलत्या किमतीला विकली जात राहिली. ‘कोंकण डान्स’ या ध्वनिमुद्रणाचं नशीब त्याहून खडतर. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला केलेलं हे काम प्रकाशितच झालं नाही. ते निघालं 2006 मध्ये. अमान्सिओ 1996 मध्येच गेला होता. ‘कोंकण डान्स’मधली एक रचना मुंबईतल्या एका रस्त्यावर आहे. लंडनच्या स्टुडिओत बसून वाजवलेली, पण सूर ऐकताच कोकणची मातीची वाट आणि चर्चमधला कोरस दोन्ही जवळून जातात. ‘कोंकण’ हे नाव मिरवणारी ही तबकडी कोकणात मात्र फार थोड्या घरांत पोहोचली आहे.

मुंबईत तोवर वादकांची नावं छापणारी एक तबकडी निघाली होती. 1968 मधली ‘रागा-जॅझ स्टाइल’. संगीत शंकर-जयकिशन यांचं, प्रकाशन एचएमव्हीचं. अकरा राग, तोडीपासून भैरवीपर्यंत. सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, पियानोवर लुसिला पाशेको, ड्रम्सवर लेस्ली गोदिन्हो, बासवर एडी त्रावास, गिटारवर दिलीप नाईक आणि आनिबाल कास्त्रो, तबल्यावर रमाकांत. ही यादी वाचताना छातीत काहीतरी हलतं. ज्या लोकांनी वर्षानुवर्षं शेकडो गाणी वाजवली, ते इथे पहिल्यांदा एका पानावर नावानिशी उभे आहेत. संगीत म्हणून तबकडी सगळीकडे सारखी चढत नाही. काही ठिकाणी राग केवळ ओळखीपुरता आहे आणि जॅझ केवळ ठेक्यापुरता. पण मनोहारींचा सॅक्सोफोन आणि रईस खाँसाहेबांची सतार जिथे एकमेकांना वाट देतात, तिथे कान टवकारतात. पुढे या तबकडीची पुनर्प्रकाशनं झाली आणि परदेशातल्या तरुणांनी ती डोक्यावर घेतली. कारण साधं आहे. यादी छापलेली होती. शोध कुठून सुरू करायचा हे कळत होतं.

मोठे लोक मुंबईत येत-जात राहिले. 1958 मध्ये डेव्ह ब्रुबेक आला, 1963 मध्ये ड्यूक एलिंग्टन. त्या दौऱ्याच्या आठवणींतून एलिंग्टन आणि बिली स्ट्रेहॉर्न यांनी ‘फार ईस्ट स्वीट’ रचली. त्यात दिल्लीतल्या एका साळुंकीसारख्या पक्ष्यावर एक तुकडा आहे. आर्मस्ट्राँग स्वतः 1964 मध्ये षण्मुखानंद सभागृहात वाजवून गेला. सनी रोलिन्सनं 1960 च्या दशकाच्या अखेरीस पवईच्या आश्रमात काही महिने काढले. 1978 मध्ये निरंजन झवेरी आणि त्यांच्या मित्रांनी धोबीतलावच्या रंगभवनात पहिली ‘जॅझ यात्रा’ भरवली, तेव्हा तोच रोलिन्स सॅक्सोफोन घेऊन पुन्हा आला. रंगभवनाचं उघडं छप्पर, शेजारची रुग्णालयं, आणि मध्यरात्रीपर्यंत चालणारी ती सत्रं. नंतर शांतता क्षेत्राचे नियम आले आणि रंगभवन मुकं झालं.

गोव्यानं आपल्या वादकांची आठवण थोड्या वेगळ्या रीतीनं जपली. मडगावच्या ख्रिस पेरीचं ट्रम्पेट आणि लोर्नाचा आवाज 1970 च्या सुमारास एचएमव्हीच्या छोट्या तबकड्यांवरून घरोघरी गेले. कोकणी गाण्यात जॅझचा वृंद इतक्या सहज बसलेला आधी ऐकला नव्हता. मग दोघांची फारकत झाली, लोर्ना वर्षानुवर्षं गायली नाही आणि 1995 मध्ये ‘हॅलो लोर्ना’ घेऊन परतली. 2015 मध्ये बार्द्रॉय बार्रेतो यांनी ‘नाचूंया कुंपासार’ हा कोकणी चित्रपट काढला, त्याच गाण्यांवर. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्यामुळे गोव्यातल्या आणि मुंबईतल्या घरांनी जुन्या तबकड्या बाहेर काढल्या, नातवंडांनी आजोबांना विचारलं, की यात तुम्ही कुठे वाजवलं?

मुंबईच्या जॅझची ही सगळी माणसं एका ठिकाणी आणण्याचं मोठं काम पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी केलं. त्यांचं ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ 2012 मध्ये आलं. जिवंत असलेल्या वादकांकडे जाऊन, त्यांच्या घरातले फोटो, करारपत्रं, तबकड्या पाहून त्यांनी ते लिहिलं. पुस्तकाचं नाव 1936 च्या त्याच तबकडीवरून आलं. त्याआधी, 1990 मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. भौतिकशास्त्राचे अभ्यासक सुरेश चांदवणकर यांनी वर्षानुवर्षं तिचा भार वाहिला, ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक चालवलं. त्यांचा मुख्य ओढा हिंदुस्थानी संगीत, नाट्यगीत, जुन्या बायजींच्या तबकड्यांकडे. पण तबकडी कशी वाचायची, तिच्या कडांवरचे आकडे काय सांगतात, सूची कशी बांधायची, हे शास्त्र इथल्या मातीत रुजवलं ते अशा लोकांनी. जॅझच्या शोधालाही तेच शास्त्र लागतं.

ते शास्त्र जवळून पाहण्यासारखं आहे. कोलंबियाची मुंबईत किंवा कलकत्त्यात केलेली नाचगाण्यांची तबकडी हातात घेतली, की कागदावर ‘एफबी’ने सुरू होणारा क्रमांक दिसतो. हा विक्रीचा क्रमांक. पण खरी कुंडली कागदाच्या बाहेर, जिथे रेघा संपतात त्या गुळगुळीत कड्यात कोरलेली असते. तबकडी तिरकी धरून दिव्याखाली फिरवली, की आकडे उमटतात. तो साच्याचा क्रमांक. त्यावरून ध्वनिमुद्रण साधारण कधीचं, कोणत्या फेरीतलं, हे शोधता येतं. एकाच बैठकीतल्या तबकड्यांचे क्रमांक लागोपाठ येतात. दोन वेगळ्या नावांच्या वृंदांचे क्रमांक शेजारी-शेजारी निघाले, तर वादक तेच असण्याचा संशय बळावतो आणि तपास पुढे सरकतो. वाजवतानाही घाई चालत नाही. 78 फेऱ्यांच्या तबकडीची रेघ एलपीच्या रेघेपेक्षा कितीतरी रुंद, त्यामुळे सुईही जाड लागते. एलपीची सुई लावली, तर ती रेघेच्या तळाला घासत जाते आणि ऐकू येतो तो मुख्यतः खरखराट.

त्या खरखराटाचं काय करायचं, यावर पुनर्प्रकाशन करणाऱ्यांत जुना वाद आहे. संगणकावर तो पुसता येतो. पण फार पुसला तर त्याबरोबर झांजेची सळसळ जाते, ब्रशनं वाजवलेल्या ड्रमची कुजबुज जाते, ट्रम्पेटच्या सुराची धार जाते. उरतो तो उशीत तोंड खुपसून वाजवल्यासारखा आवाज. जॅझमध्ये हे अक्षम्य आहे, कारण तिथे संगीताचं अर्धं अंग त्या धारेत असतं. थोडा खरखराट राहिलेला बरा. 1980 आणि 90 च्या दशकांत तर याच्या उलट टोकाचा प्रकार झाला. जुन्या गाण्यांवर इलेक्ट्रॉनिक ठेके चढवून ‘झंकार बीट्स’च्या कॅसेटी खपवल्या गेल्या. एका पिढीनं ‘शोला जो भडके’ची मूळ लय कधी ऐकलीच नसेल. ज्यांनी बोंगो वाजवले त्यांचं नाव आधीच नव्हतं. आता त्यांचा हातही झाकला गेला.

म्हणून पुनर्प्रकाशनाकडून पहिली मागणी चांगल्या कागदाची किंवा रंगीत विनाइलची नसावी. ती नावांची असावी. कोणी वाजवलं, कोणतं वाद्य, कोणत्या स्टुडिओत, कोणत्या वर्षी. अमेरिकेत मोझेकसारख्या छोट्या कंपनीनं 1980 च्या दशकापासून हेच केलं: मायकेल कुस्कुना आणि चार्ली लूरी यांनी जुन्या ध्वनिमुद्रणांचे संच काढले, ते प्रत्येक बैठकीच्या तपशिलासह. चिक चॉकलेटच्या सगळ्या तबकड्यांचा आणि त्यानं वाजवलेल्या सी. रामचंद्रांच्या गाण्यांचा असा एक संच निघायला हवा. मराठी माणसानं त्यात पुढाकार घ्यावा, कारण या दोघांची भागीदारी हा मराठी संगीताच्याही इतिहासाचा भाग आहे. चिक 1967 मध्ये गेला, रामचंद्र 1982 मध्ये. त्यांच्या ध्वनिमुद्रणांत बसलेले बहुतेक वादक आज हयात नाहीत. जे आहेत, त्यांची आणि त्यांच्या मुलांची स्मरणं अजून विचारता येतात.

हिंदुस्थानात 78 फेऱ्यांच्या तबकड्या पाश्चात्त्य देशांच्या मानानं फार उशिरापर्यंत छापल्या जात होत्या. बीटल्सची गाणीही इथे त्या जाड, ठिसूळ तबकड्यांवर निघाली. त्यामुळे इथल्या घरांत त्या अजून बऱ्याच असतील, असं मानायला जागा आहे. मुंबईच्या काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे तबकड्यांचं दुकान 2016 मध्ये बंद झालं, तरी तिथून विकत नेलेलं संगीत कुठेतरी कपाटात आहेच. भोपाळच्या अशोका गार्डनमध्ये, इंदूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत, नागपूरच्या धंतोलीत, पुण्याच्या सदाशिव पेठेत, वास्कोत, कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत एखादी ‘रेक्स’ किंवा कोलंबिया निघाली, तर ती रद्दीवाल्याला देण्याआधी थोडं थांबावं. स्पिरिटनं पुसू नये. ही तबकडी लाखेची असते आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. आडव्या चळतीत ठेवू नये, उभी ठेवावी. दोन्ही बाजूंच्या कागदांचे आणि कडेच्या कोरलेल्या आकड्यांचे फोटो काढावेत आणि ते एखाद्या संग्राहक संस्थेला किंवा विद्यापीठाच्या संगीत विभागाला पाठवावेत. आणि घरात कुणाला ठाऊक असेल, की त्यात ट्रम्पेट कोण वाजवतंय, तर ते नाव आजच एका कागदावर लिहून तबकडीच्या पाकिटात ठेवावं.